नऊ नंबरची नळी

मी सध्या लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. रक्ताचा धडा आला की मी फळ्याकडे तोंड करून बोलत राहतो. मुलांना वाटतं, सरांना आकृत्या काढायची हौस आहे.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. गाव मुदखेडजवळ, घरची फुलशेती, गलांडा आणि थोडा गुलाब. नांदेडला पीएचडीला लागलो तेव्हा माझ्या मार्गदर्शक सरांनीच हॉस्टेलची खोली मिळवून दिली, माझं इंग्रजी ओळीओळीनं सुधारलं. त्यांचा शब्द मी कधी मोडला नाही. याचा तेव्हा मला अभिमान होता.

आमचं काम असं होतं. माणसाच्या साध्या रक्तात काही कच्च्या पेशी फिरत असतात, अगदी मोजक्या. त्यांची खरी जागा हाडांच्या आतल्या मज्जेत. फक्त त्याच पेशींना चिकटतील असे लोखंडाचे सूक्ष्म कण नमुन्यात मिसळायचे, आणि तो जोरदार चुंबकात बसवलेल्या बारीक नळीतून सोडायचा. कण लागलेल्या पेशी नळीत अडकून राहतात, बाकीचं सगळं खाली वाहून जातं. मग नळी चुंबकातून काढून धुतली की हव्या त्या पेशी मिळतात.

त्यासाठी निरोगी बायकांचं रक्त हवं होतं. "तुझ्या गावातून आण, तुझ्यावर विश्वास ठेवतील," सर म्हणाले. बायकांनी ठेवला. बारा जणी सकाळच्या गाडीनं नांदेडला आल्या, सगळ्या उपाशी. रक्त तपासायचं तर उपाशीपोटी, एवढं गावात प्रत्येकीला पाठ होतं. जेवून या असं मी सांगायलाच विसरलो होतो.

"लोहचुंबक लावतो म्हणं हा," शेजारची काकू म्हणाली. "माझ्या रक्तात काय खिळे हाईत का रे?"

"नवऱ्याला टोचून टोचून बोलतीस, तेच निघतील," मोठी माय म्हणाली, आणि बाकावरच्या बायका हसल्या. मोठी माय म्हणजे माझी थोरली चुलती. तिच्याच अंगणात मी लहानाचा मोठा झालो.

मी एकेकीला संमतीचा कागद वाचून दाखवला. हे संशोधन आहे, रिपोर्ट मिळणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी ते भरभर वाचलं. "तू वाचलास ना, झालं मग," म्हणत मोठ्या मायनं सही केली. काही त्रास आहे का, या रकान्यापाशी मी तिला विचारलं.

"त्रास कायचा. हल्ली दोन घासांत पोट भरून येतंय, डाव्या अंगाला जड लागतंय. वय झालं, दुसरं काय."

अकरा कागद भरून झाले होते, तिचा बारावा. मी 'नाही'वर खूण केली.

रक्ताच्या नळ्यांना नावं नव्हती, नंबर होते, तेही कागदांच्या क्रमानं नव्हते. तिची नऊ नंबरची. बाकीच्या अकरा नळ्यांमधून निघालेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली शोधाव्या लागत होत्या. नवव्या नळीच्या पेशींनी काच भरून गेली. आधी मला आनंदच झाला, वाटलं आज हात चांगला बसला. मग लायब्ररीत बसून वाचलं. इतक्या कच्च्या पेशी रक्तात उतरल्या असतील तर तो रक्ताचा कर्करोग असू शकतो, हळूहळू वाढणारा.

सरांकडे गेलो. "नऊ नंबर यादीतून काढून टाक," ते म्हणाले. "आलेखात बसत नाही."

"सर, ती माझी चुलती आहे. डॉक्टरांना दाखव म्हणून सांगू का?"

"मग नंबर कशाला दिलेत? निदान करणं आपलं काम नाही. आणि नैतिकता समितीनं विचारलं, आजारी बाई निरोगींच्या यादीत आली कशी, तर उत्तर कोण देणार? फॉर्म तू भरलायस."

मी "हो सर" म्हणालो.

पुढच्या रविवारी गावी गेलो. मोठी माय फुलं तोडून आली होती. "काय निघालं रे माझ्या रक्तात?" तिनं विचारलं.

"काळजीचं काही न्हाई," मी म्हणालो.

माझ्या प्रबंधात अकरा निरोगी स्त्रिया आहेत. ऋणनिर्देशात पहिले सर आहेत, शेवटी माझ्या गावच्या मायबहिणी.

दीड वर्षानं चुलतभावाचा, मोठ्या मायच्या मुलाचा, फोन आला. मोठ्या मायचा ताप उतरत नव्हता, पोट फुगलं होतं. नांदेडच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा डॉक्टर रिपोर्ट बघत होते. या आजाराला रोज घ्यायची गोळी आहे, म्हणाले, वेळेवर सुरू केली की माणूस वर्षानुवर्षं शेतात काम करतो. आता मात्र आजार पार पुढं गेला होता.

"आधी कधी रक्त तपासलं नव्हतं का?"

"तपासलं की," मोठी माय पडल्या पडल्या म्हणाली. "ह्यानंच तपासलं, मशिनीवर. चांगलं निघालं होतं. हे माझं पोरगं दवाखान्यात चल म्हणून लई मागं लागलं, मीच म्हणलं, आता पुन्हा कशाला सुई."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. ते फक्त संशोधनासाठी होतं, असं मी त्यांना सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, तिला कळू नये म्हणून.

बाहेर व्हरांड्यात भावानं विचारलं, "तवा तुला काही दिसलं होतं का रे?"

"न्हाई."

त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मग तू कशाला रडून राहिलास," म्हणाला.

मोठी माय त्याच महिन्यात गेली. माझी ओळख होती म्हणून आईला शेवटी चांगला दवाखाना मिळाला, असं भाऊ गावात सगळ्यांना सांगतो. गावात कुणाचं कार्य असलं की मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवून घेतो. मी बसतो, आणि वाढलेलं खातो.