आधी चहा, मग विहार

गणपती आटोपले की कोजागिरीपर्यंत दर रविवारी मी एक बस घेऊन निघतो. राहतो अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे, आणि शाळेत इतिहास शिकवतो. अमरावतीचा एक सहलवाला एकदा म्हणाला, "सर, तुम्हाला सगळं माहीत असतं, आमच्या लोकांना तुम्हीच फिरवा." मी भुललो. सहलीचं नाव त्यानंच ठेवलं: बौद्ध मंदिरे आणि तलावकाठच्या परंपरा. सकाळी अकोल्यातलं एक विहार, मग अमरावतीतलं एक, आणि ऊन चढेपर्यंत अमरावतीपलीकडचं एक तलावकाठचं गाव. गावाचं नाव इथं लिहीत नाही. ते माझं आजोळ आहे.

तलाव मोठा नाही, पण पाणी टिकून असतं. पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरलेले असतात आणि भोयांचे डोंगे त्यातून वाट काढत फिरतात. दिवस भुलाबाईचे, म्हणजे पोरींच्या महिनाभराच्या गाण्यांचे. भुलाबाई खरी संध्याकाळची, पण आमच्या बसला परतायची घाई, म्हणून पोरी पाहुण्यांसाठी दुपारीच टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात आणि डब्यात कोणती खिरापत आहे ते ओळखायला लावतात. शहरातली चांगली पोक्त माणसं "चिवडा! करंजी! शंकरपाळे!" म्हणून ओरडतात, आणि पोरी माना हलवून त्यांना आणखी पिळतात. तेवढा वेळ मला बरं वाटतं.

तलावाच्या सांडव्याकडच्या वस्तीत विहार आहे. लहानसंच, पांढरं, समोर पत्र्याचा मांडव. त्याची किल्ली एका बाईकडे असते. माझ्या आईच्या वयाची. सगळं गाव मला भाचेबुवा म्हणतं, तशी तीही म्हणते, आणि मी तिला मावशी म्हणतो. विहारातला पावसाळ्याचा वर्षावास संपत आलेला असतो, म्हणून पाहुण्यांच्या जेवणात ती खीर करते. पहिल्याच खेपेला कोणी तरी तिच्या हातात सहलीचं पत्रक दिलं. तिनं ते लांब धरून वाचलं.

"मंदिर कोनतं रे हे, भाचेबुवा? अठी घंटी दिसते काय तुले?"

"छापणाऱ्याची चूक झाली, मावशी."

"त्या छापनाऱ्याले सांगितलं कोनं?"

पाहुणे हसले, मीही हसलो. मग तिनं सगळ्यांना चटयांवर बसवलं आणि वस्तीतल्या लोकांनी विटा कशा जमवल्या, मूर्ती बैलगाडीतून कशी आणली, ते सांगितलं. बसकडे परत जाताना मला म्हणाली, "लांबलांबून लोकं येतेत आमचा विहार पाहाले. वरच्या आळीतलं तं कोनी पायरी नाई चढलं आजवर. आता पायतेत बिचारे दुरून." हेच तिला हवं होतं. बाहेरच्या माणसांनी यावं, बसावं, आणि जे खरं आहे ते घेऊन जावं. त्यासाठी तिनं माझ्यावर विश्वास टाकला होता. मी तो कसा वागवला ते लिहायला बसलो आहे.

वरच्या आळीत माझ्या मामाचं घर. मामा गेले, मामी आहे. सहल ठरली तेव्हा मामी म्हणाली होती, "पाहुने आन, हजार डाव आन. चहा माह्याकडं. पन पहिले माह्याकडं, मंग तिकडं. तिकडून जेवून आलेली लोकं माह्या घरात नोको आनू."

मी "बरं मामी" म्हणालो. दुसरं काहीच म्हणालो नाही. जेवायच्या वेळेला कोणी चहा देतं का? पण मी पाहुण्यांना सांगायचो, "उन्हातून आलात, आधी चहा घेऊ म्हणजे शीण जाईल." कोणालाही ते खटकलं नाही. मावशीला ठाऊक होतं. त्या गावात जन्म काढलेल्या माणसाला असलं काही सांगावं लागत नाही. ती मला कधी बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे चालतंय, असं मी धरून चाललो.

गेल्या वर्षीची गोष्ट. तलावाला दोन घाट आहेत. वरच्या आळीसमोरचा बांधीव, आता रंग दिलेला. सांडव्याजवळचा मोडकळीला आलेला, दगड निसटलेले, पायाखाली गाळ. जेवणानंतर आम्ही काठानं चालत होतो. अमरावतीच्या एका बाईंनी विचारलं, "सर, एवढ्याशा तलावाला दोन घाट कशाला हो?"

मावशी उकडलेल्या शिंगाड्यांचं घमेलं घेऊन माझ्या मागेच होती. समोर वरच्या घाटाच्या डोक्यावर मामीचं दार उघडं दिसत होतं. मी म्हणालो, "वरचा घाट प्यायच्या पाण्याचा, खालचा धुण्याभांड्याचा. पाणी स्वच्छ राहावं म्हणून पाळलेली जुनी परंपरा आहे."

"किती विचार करायची ना पूर्वीची माणसं!" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खालच्या घाटाचा फोटो काढला.

मावशीनं शिंगाडे वाटले. मलाही दिले. पाहुणे बसमध्ये चढू लागले तेव्हा माझ्या बाजूला येऊन हळूच विचारलं, "धुन्याचा घाट होता काय तो, भाचेबुवा?"

"मावशी, एवढ्या लोकायसमोर कसं सांगू?"

"मी पेत होती ते पानी. माही माय पेत होती. वरतं तुमच्या म्हशी धुवत अन् खाली आमी घागरी भरो." मग ती हसली. "तुमी लोकं कायलेबी परंपरा म्हनता, बाप्पा!"

बस सुटली. एक जण माइकवर गाणं म्हणत होता आणि बाकीचे टाळ्या देत होते. मी पुढच्या सीटवर बसून हातातले शिंगाडे सोलत होतो आणि एकही तोंडात टाकवत नव्हता. मी इतिहास शिकवतो. मुलांनी उत्तरपत्रिकेत असलं काही लिहिलं असतं तर लाल रेघ मारली असती.

आठवडाभर मला काही सुचलं नाही. पुढच्या रविवारी सगळं नीट करायचं असं ठरवूनच निघालो. नेहमीसारखा आधी मामीकडे चहा झाला, मग विहार. तिथून सगळ्यांना मी खालच्या घाटावर नेलं, मावशीला पुढं बोलावलं आणि तिचा हात हातात घेतला. वरच्या घाटाकडे बोट करून जे होतं ते सगळं सांगितलं. घागरी, म्हशी, वरच्या घाटाला लागलेली सावलीसुद्धा चालत नसे, ते. मी म्हणालो, "मावशी, आमच्या सगळ्यांच्या वतीनं मी तुमची माफी मागतो," आणि रडलो.

पाहुणेही हेलावले. मोबाइल वर झाले. एका मुलीनं वाकून मावशीच्या पायांना हात लावला, तर मावशी पाय मागं घेता घेता गाळात घसरली आणि सावरली. माझ्या हातातून आपला हात तिनं तोवर सोडवून घेतला होता.

मला वाटलं, आता मन मोकळं झालं. माझं झालं होतं.

पाहुणे भुलाबाईच्या गाण्यांकडे गेले तेव्हा मी मांडवात परतलो. ती खिरीचं पातेलं घासत होती.

"मावशी, राग तर नाही आला?"

"रडाचं होतं तं घरी रडून याचं. माहा हात धरून कावून रडला?"

तिनं पातेल्यात पाणी ओतलं.

"मागल्या खेपेले खोटं सांगितलं. आज खरं सांगितलं, अन् मले त्या घाटावर नेऊन उभं केलं. जिनगानी गेली माही त्या गाळातून वर याले. तुनं पुन्हा नेऊन रोवली तठीच. अन् फोटो काढाले लावले."

"माझा तसा हेतू नव्हता."

"नसन. तुहा हेतू चांगलाच राह्यते नेहमी." तिनं पातेलं उपडं घातलं. "सोड ते. मले एक सांग. पहिले चहा अन् मंग विहार, हे कोनं ठरोलं? तुह्या आज्यानं?"

आज्याला जाऊन जमाना झाला होता. ठरवलं मामीनं होतं, आणि दर खेपेला राबवलं मी. त्या दिवशीसुद्धा. घाटावर रडलो तेव्हा मामीचा चहा माझ्या पोटात होता.

"पुढच्या रविवारी पहिले विहार," ती म्हणाली. "जेवन अठी. मंग ने तुह्या मामीकडं. अन् तठी काय झालं ते मले येऊन सांग. खरं खरं. तसं नसन करवत तं लोकायले पाठव खुशाल, मी दाखोतो विहार. तू नोको येऊ."

त्या आठवड्यात एका सुट्टीच्या दिवशी मी एसटीनं मामीकडे गेलो. ती ओट्यावर डाळ निवडत बसली होती. पुढच्या रविवारी क्रम बदलतोय असं सांगितलं.

"तिनं शिकवलं काय तुले?"

"माझं मलाच करायचं आहे."

"तुहं तुले? मांगच्या रविवारी घाटावर तमाशा केला म्हने तू. सारं गाव सांगून राहिलं. मेल्या मानसाइले चौकात आनलं. मामानं शिकोलं तुले, वह्या-पुस्तकं घेऊन देल्ली, ते नाई सांगितलं काय रे रडताना?"

"मामाचं नाव मी काढलं नाही."

"घर तं दाखोलं ना बोट करून!" मामी सूप आपटून म्हणाली. मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "मी नवी नवरी होती तवा सासूनं सांगितलं, त्या बायायची सावली पायरीवर पडली तं पानी शिंपडाचं. मी शिंपडलं. कोनाले इचारनार होती मी? आता तू इचारतं. तवा कुठी होता?"

तिचंही वय झालं आहे, गुडघे दुखतात, आणि पाहुणे यायचे त्या दिवशी ती पहाटेपासून अंगण सारवायची, हे मला माहीत होतं. निघताना मी पुन्हा विचारलं, "मग आणू ना मामी?"

"आन. दारातून हाकलाले मी काय भिकारी समजतो पाहुन्याइले?"

तिसऱ्या रविवारी बस थेट विहाराशी थांबवली. सहलवाल्याला मी आदल्या दिवशीच कळवलं होतं, तो म्हणाला, "चहा जेवणानंतरच बरा, सर. आधी का नाही केलं?" मावशी पाहुण्यांना आत घेऊन गेली. मी दारातच थांबलो. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. आतून वंदनेचे शब्द ऐकू येत होते. एका पाहुण्याला ते येत असावेत, त्याचा आवाज मावशीच्या आवाजात मिसळत होता. मग जेवण झालं. खीर झाली. या वेळी घाटांविषयी कोणी विचारलं नाही, तरी मी वरच्या घाटावर थांबून तीनचार वाक्यांत सांगितलं की इथं माझ्या आजोळचे लोक पाणी भरत आणि खालच्या वस्तीला इथं येऊ देत नसत. न रडता सांगितलं. एक गृहस्थ म्हणाले, "असो, आता कुठं राहिलंय ते." मी त्यांना घेऊन मामीच्या घराकडे चढलो.

दार बंद होतं, पण अंगण सारवलेलं होतं. कडेला कडुलिंबाखाली सतरंज्या घातल्या होत्या. मामी बाहेर आली, हसून सगळ्यांना बसा म्हणाली, कोण कुठलं याची चौकशी केली. चहा आला तो कागदी कपांत. आधीच्या खेपांना पाहुणे आतल्या खोलीत पलंगावर, खुर्च्यांवर बसत आणि मामी कपाटातल्या फुलाफुलांच्या कपबश्या काढत असे. आज चहा संपल्यावर कप टाकायला एक टोपलीही ठेवली होती.

पाहुण्यांना हे कळायचं काही कारण नव्हतं. "वा, झाडाखाली चहा!" एक जण म्हणाला. चहा नेहमीसारखाच होता, आलं घातलेला, गोड. मामीनं माझ्यापुढं कप धरला तेव्हा आमची नजरानजर झाली. तिनं खाली पाहिलं, आणि मी कप घेतला. कपबश्या काढ, मी धुऊन देतो, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलेलं मी चहाबरोबर गिळलं.

पाहुणे पोरींच्या खिरापतीत रमले. मी विहाराकडे निघालो. वाटेत मी काय काय जुळवून पाहिलं ते सांगायलाही लाज वाटते. मामीनं कोणाला हाकललं नाही, मान दिला, चहा दिला. हे सगळं खरंच होतं. मावशीला बरं वाटलं असतं, मामीचंही नाव राहिलं असतं, आणि यात खोटा शब्द एकही नसता.

मावशी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. वाटच पाहत असावी.

"भेटला चहा?"

"भेटला."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं.

"कागदाच्या कपात," मी म्हणालो. "आंगनात. घरात नाही नेलं."

हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तसंच राहिलं, चेहऱ्याला अजून कळायचं असावं तसं. मग ती खाली बसली, पायावरचं लुगडं नीट केलं.

"सगळ्यायले?"

"सगळ्यायले."

"तुलेबी?"

"हाओ."

"अन् तू पेला."

"पेलो, मावशी."

तिनं मान हलवली. माझ्या खरं बोलण्यानं तिला काय मिळालं, हे मला त्या क्षणी कळेना. एका दुपारपुरता तिचा आनंद मी हिरावला होता, एवढं मात्र दिसत होतं. ती उठली, धुतलेल्या ताटांची चळत उचलायला गेली आणि मी पुढं झालो तर म्हणाली, "राहू दे, जड नाई."

ताटं घेऊन ती विहाराच्या मागच्या खोलीत गेली. तिथून तिचा आवाज आला.

"बाहेर कावून उभा हाय? त्या चटया गोळा कर आतल्या. पुढच्या रविवारी किती लोकं हायत?"

मी चपला काढल्या आणि आत गेलो. चटया गोळा करता करता सांगितलं की अजून कळलं नाही, शुक्रवारी फोन करीन.

"कर," ती म्हणाली. "अन् मामीले सांगून ठेव, पहिले विहारच."