पुढं जाऊ?

वडगावातल्या त्या टायपिंगच्या दुकानात मी एकदाच गेलो. आमच्या वाचनालयाच्या जुन्या स्मरणिकांच्या फाइली होत्या. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की त्यातलं मराठी अक्षर पार मोडायचं. प्रत्येक पानाचं चित्र करून घेणं, एवढाच उपाय होता.

दुकानदार साठीचा. त्यानं मला खुर्ची ओढून दिली, सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला. "एकेक फाइल उघडत बसायला लागत न्हाय आता. चार ओळींची स्क्रिप्ट लिवलीय मी. समद्या पानांची चित्रं आपोआप हुत्यात," म्हणाला. शेजारी कापड विणायचे माग खडखडत होते, त्यामुळं जरा ओरडूनच.

पण ती स्क्रिप्ट काही आपोआप चालेना. एक पान झालं की थांबायची. पडद्यावर ओळ यायची, 'झालं. पुढं जाऊ?' तो मान डोलवून बटण दाबायचा. पुन्हा एक पान, पुन्हा तोच प्रश्न. मला जांबोटीची बस गाठायची होती. शेवटी वैतागून म्हटलं, "अण्णा, काहीतरी चूक राहिलीय यात. ते थांबणं काढून टाका की."

"चूक न्हवं ती. मीच घातलंय ते."

"कशाला?"

त्यानं माझ्याकडं न बघता बटण दाबलं. "बायकू वारली तवापास्नं मला कायबी इचारणारं कोन न्हाय."

मी घड्याळ बघायचं सोडलं. पडद्यावर पुन्हा ओळ आली. मागांच्या खडखडाटातही मला ऐकू आलं, तो हळूच म्हणाला, "व्हय, जा."