बाईंचं रबराचं झाड

"भाऊ, जरा हात लावता काय?"

सकाळी सात वाजता पलीकडच्या खोलीतून हा आवाज आला की माझ्या कमरेत आधीच कळ निघायची. आवाज शाळेतल्या बाईंचा. मेहकरात एकाच मालकाच्या खोल्यांत आम्ही भिंतीला भिंत लावून राहत होतो. हात लावायचा तो त्यांच्या रबराच्या झाडाला. तेलाच्या मोठ्या डब्यात लावलेलं, ताटलीएवढ्या पानांचं ते धूड रोज दारातून तिरपं करून ओसरीवर न्यायचं आणि ऊन चढायच्या आत पुन्हा आत आणायचं. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल. त्याला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणताना जीव जळतो.

झाडाला पाणी पेलाभरच, तेही एक दिवसाआड. मी एकदा तांब्याभर ओतलं तर बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मुळं सडतात ना, भाऊ."

पाच-सहा वर्षांत झाड छताला टेकलं. मी म्हटलं, "शेंडा छाटा, बाई."

त्यांनी एक पिकलं पान खुडून देठ दाखवलं. "पाहा, चीक कसा निघते. हे उंबराच्या गोतातलं आहे. उंबर कोणी कापते काय?"

आणि पुढच्या रविवारी त्यांनी शेंड्याला वाट म्हणून छपराची दोन कवेलू सरकवली. वैशाखातलं ऊन. दोन दिवसांत वरची पानं पापडासारखी भाजली. मालकाने छप्पर पाहिलं आणि बजावलं, "झाड तरी कापा, नाही तं खोली सोडा."

बाईंनी खोली सोडली. अर्ज करून दुसरबीडच्या शाळेत बदली मागून घेतली. का, तर तिथे उंच छताची खोली मिळत होती. माझ्या बायकोने कपाळाला हात लावला.

आता माझं सांगतो. मी एसटीत बुकिंगला. जायच्या दिवशी बाई खिडकीवर आल्या. "झाड गाडीत नेता येईल काय, भाऊ?"

त्याच सकाळी डबा उचलण्यापायी मला उशीर झाला होता आणि साहेबांनी चारचौघांत झापलं होतं. मी म्हणालो, "नियमात नाही, बाई."

त्याच गाडीच्या टपावर खाटा आणि सायकली चढत होत्या. बाईंनी तिकडे एकदा पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग तुमच्यापाशी राहू द्या. पाणी पेलाभरच."

कुणावर राग काढला मी? झाड येऊन बसलं माझ्याच घरात. बायको हात लावेना, मला एकट्याला उचलेना, आणि कोपऱ्यातल्या अंधारात रोज एक पान गळायचं. बाईंचं पोस्टकार्ड यायचं: पानं किती आहेत? मी लिहायचो, भरपूर आहेत. शेवटच्या कार्डात होतं: सवडीने आणून द्या, जागा करून ठेवली आहे. सवड काढायला मी गाढवाने चार महिने लावले.

शेवटी ड्रायव्हरला सांगून झाड मागच्या बाकावर आडवं घातलं. त्याने काही विचारलंसुद्धा नाही. इतकं सोपं होतं ते.

दुसरबीडला बाईंच्या खोलीला कुलूप होतं. शेजारचे गुरुजी बाहेर आले. झाडाकडे बघत म्हणाले, "बाई तं गेल्या हो. आठ दिवस झाले. ताप उतरलाच नाही. तुम्ही त्यायचे कोण?"

"शेजारी," मी म्हणालो.

किल्ली त्यांच्याकडेच होती. त्यांनी दार उघडलं. खिडकीजवळच्या कोपऱ्यात चार विटा मांडलेल्या होत्या, डब्याच्या मापाच्या. वर खुंटीला पानं पुसायचं फडकं धुऊन अडकवलेलं होतं.

"गुरुजी," मी म्हटलं, "जरा हात लावता काय?"

दोघांनी डबा विटांवर ठेवला. शेंड्याच्या वर अजून चांगली दोन हात जागा होती.