वरची दाढ

लग्नानंतर पहिल्यांदा महाल भागात मावशीकडे राहायला गेलो, तेव्हा सकाळी कोनाड्यातली मिश्री मी दंतमंजन समजून बोटभर दातांना चोळली. घर गरगरलं आणि नवा जावई चुलीपाशी आडवा! मावशी म्हणजे माझ्या बायकोची मावशी. लिंबू पिळत म्हणाली, "पहिल्यांदा भोवतेच, जावईबापू. मंग दात कसे लोखंडाचे होतात पाहा." जळक्या तंबाखूनं लोखंड! तिचे स्वतःचे निम्मे दात तेव्हाच पडले होते.

मावशी टोप्यांवर जरीचा कशिदा भरून एकटीचं पोट चालवायची. टाका इतका बारीक, की मला चष्म्यातूनही दिसत नसे. "हे दोन डोळे म्हणजे माहे कमावते पोरं," असं सुई दातांत धरून सांगायची.

म्हणून महायुद्धाच्या दिवसांत तिची वरची दाढ सुजली, तेव्हा ती काढायचा विषय निघाला की मावशी उसळायची. "वरच्या दाढेची नस डोळ्याले जाते. दाढ गेली का डोळा गेला. मंग टोप्या काय चाचपून भरू?" शेजारचे वकील, कोर्टात पुराव्याशिवाय तोंड न उघडणारे, तेही ओट्यावरून म्हणाले, "बरोबर आहे. आमच्या काकांचं तसंच झालं." काकांना मोतीबिंदू होता, हे साऱ्या गल्लीला ठाऊक!

मग किडे काढणारी बाई आली. तिनं रिंगणीच्या बियांचा धूर नळीनं दाढेला दिला आणि वाटीतल्या पाण्यात पांढरे 'किडे' पाडून दाखवले. मी एक चिमटीत चिरडला. कसला किडा, बीच ती! साहेबापुढे माझा आवाज फुटत नाही, पण त्या बाईवर असा कडाडलो, की मावशीनं मलाच दटावलं, "हळू बोला जावईबापू, बाहेर निघाले ते वापस जातीन!"

दोन-तीन दिवसांत सूज गालावरून चढली आणि डोळा मिटला. ज्याच्यासाठी दाढ जपली, तोच डोळा! माझं डोकं फिरलं. टांगा आणला आणि तिला जवळजवळ उचलूनच बर्डीवर दातांच्या डॉक्टरकडे नेलं. "दाढ काढल्यानं नव्हे, ठेवल्यानं डोळा जाईल," डॉक्टर म्हणाला. खुर्चीत बसतानाही मावशीनं बजावलं, "डोळा गेला तर तुमच्याच दारात येऊन बसीन."

दाढ निघाली. हळूहळू सूज उतरली. पापणी उघडली त्या दिवशी मी आणि बायको तिच्याकडेच होतो. मावशीनं चांगल्या डोळ्यावर तळहात धरला, आणि दुसऱ्यानं सुईत दोरा ओवायला घेतला. एकदा चुकला. मग ओवला गेला.

"डॉक्टर हुशार निघाला," ती म्हणाली. "नस बाजूले सारून दाढ काढली त्यानं."

मी कपाळाला हात लावला. मरेपर्यंत ती हेच सांगत राहिली, आणि मरेपर्यंत टोप्या भरत राहिली.

दोरा ओवला त्या संध्याकाळी घरी परतताना मी वाटभर धुमसत होतो. ती किडेवाली, ते वकील, ती नस! "निदान आपल्या घरात तरी असला अडाणीपणा नाही," मी म्हणालो.

बायको थांबली. गालावर धरलेला पदर तिनं खाली घेतला.

"उद्या मले न्या त्या डॉक्टरकडे," ती म्हणाली. "माही वरची दाढ दिवाळीपासून ठणकून राहिली. मावशीचा डोळा उघडायची वाट पाहून राहिली होती मी."