कडेवरचं भावंड आणि खो-खो

माझे ब्लाउज शिवणारी बाई घमापुरात, आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या एका दाटीच्या वस्तीत राहते. त्या दिवशी ती म्हणाली, थोडा वेळ लागेल, म्हणून मी गल्लीत उभी राहिले. समोर मुली पकडापकडी खेळत होत्या. भाजीचे ठेले, उभ्या केलेल्या स्कूटर, वाळत घातलेल्या गोधड्या, या सगळ्यांमधून त्यांची पळापळ चालली होती. त्यातली एक, दहा-अकरा वर्षांची, अशी झटकन वळायची की मागची पोर सरळ ठेल्यावर जाऊन आदळायची.

मी कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खो-खो खेळले होते. तशी हुलकावणी द्यायला मला शिकवता शिकवता आमचे सर थकले होते. ही पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती देत होती.

"खो-खो खेलोगी?" मी विचारलं.

"टाइम किसके पास है, आंटी?" म्हणाली आणि पळाली.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं, की दर रविवारी सकाळी मी घमापुरातल्या मुलांना खो-खो शिकवणार. नवऱ्याने पेपरातून मान वर काढली, "अच्छा" म्हणाला आणि पुन्हा पेपरात घातली. सासूबाई मात्र गप्प बसल्या नाहीत. "आठवडाभर ऑफिस करून राहिली. एक रविवार भेटते, तो उन्हात काहून घालवते वं?"

तिथल्या शाळेमागे मोकळी जागा होती. मोठ्या बाईंनी वापरू दिली. मी दगड वेचले, बकऱ्या हाकलल्या. फॅक्टरीतून रिटायर झालेल्या शेजारच्या काकांनी लाकडाचे दोन खांब गुळगुळीत तासून दिले आणि स्वतः येऊन पुरले. पहिल्या रविवारी मुलगे झुंडीने आले. मुलीही आल्या, पण भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. जवळजवळ प्रत्येकीच्या कडेवर भावंड.

"खेलो ना," मी म्हटलं.

"इसको कौन पकड़ेगा?" ती ठेलेवाल्या गल्लीतली पोर म्हणाली.

मी तिच्या घरी गेले. तिची आई दारात भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "लड़की दौड़ के क्या करेगी, मैडम?" हिरमुसून घरी आले आणि जेवताना सगळं सांगितलं. सासूबाई जेवता जेवता ऐकत होत्या.

पुढच्या रविवारी मी निघाले तर त्या चपला घालून दारात उभ्या. एका काखेत सतरंजी, दुसऱ्या हातात मुरमुऱ्यांचा डबा.

"आई, तुम्ही?"

"लेकरं मी पाहतो. तुझं खो-खो तू पाहून घे. चल, ऑटो बोलाव."

कडुनिंबाखाली सतरंजी पसरली गेली आणि बघता बघता भरली. मुली मोकळ्या हातांनी मैदानात आल्या. काही क्षण त्यांना हातांचं काय करावं तेच कळेना. मग त्या पळत सुटल्या. सूर कसा मारायचा ते दाखवताना मी कोपर चांगलंच सोलून घेतलं. त्या दिवसापासून मी आंटीची दीदी झाले.

थंडीत सुखवस्तू राइट टाउनमधल्या एका शाळेशी सामना ठरला. त्या मुली बूट घालून आल्या. आमच्या मुलींनी चपला मैदानाच्या कडेला ओळीने काढून ठेवल्या. शेवटच्या पाळीत आमची ती हुलकावणीवाली पोर एकटीच बाद व्हायची राहिली होती. तेवढ्यात सतरंजीवर झोपलेला तिचा भाऊ जागा झाला. बहिणीच्या मागे कोणीतरी लागलेलं पाहून त्याने भोकाड पसरलं आणि सासूबाईंच्या हातून निसटून थेट मैदानात शिरला. ती थांबली नाही. पळता पळताच तिने त्याला उचलून कडेवर टाकलं आणि बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळू लागली. भाऊ रडायचा थांबून खदाखदा हसायला लागला. मागे पळणारीला इतकं हसू फुटलं, की तिच्या तोंडून 'खो'सुद्धा निघेना. पंच शिट्टी तोंडात धरून नुसते बघत राहिले. शेवटी त्यांनी ती वाजवली आणि निकाल दिला, "बच्चा आउट! खिलाड़ी खेलेगी!"

सामना आम्ही हरलो. पण खेळ संपताच बूटवाल्या मुलींनी तिला घेरलं. ते वळणं त्यांना शिकायचं होतं. भिंतीपाशी तिची आई उभी होती. कधी आली, मी पाहिलंच नव्हतं. पदर सारखा करत जवळ आली आणि हळूच म्हणाली, "दीदी, हम भी बहुत दौड़ते थे।"

"तो आइए ना!"

पुढच्या रविवारी ती आणखी चौघींना घेऊन आली. साड्या खोचून त्या मैदानात आखलेल्या पाट्यांवर बसल्या आणि पोरी आपापल्या आयांना ओरडू लागल्या, "मम्मी, उठो! खो मिला है!"

गर्दी वाढली तशी शाळा म्हणाली, रीतसर संस्था काढा म्हणजे जागा कायमची देता येईल. काढली. सभासदांत काका आले, शिवणारी बाई आली, मुलींच्या दोन आया आल्या, पेपर बाजूला ठेवून नवराही आला. अध्यक्ष म्हणून दुसऱ्या कोणाचं नाव निघालंच नाही. सरकारी ऑफिसातल्या बाबूने सासूबाईंना विचारलं, "माताजी, संस्था करेगी क्या?"

"लड़कियाँ दौड़ेंगी," त्या म्हणाल्या. "और क्या?"

ती पोर आता अकरावीत आहे आणि लहान मुलींना तीच शिकवते. मागच्या रविवारी खेळाडू कमी पडल्या म्हणून मी उतरले. दोन पावलं पळते न पळते तोच तिची शिट्टी वाजली.

"दीदी, फाउल! पाटी पे पैर गया!"

"नहीं गया!"

"गया!" सगळ्या पोरी एका सुरात ओरडल्या.

मी खूप वाद घातला. कोणी ऐकलं नाही.