गाडीत न मावलेली झाडं

समुद्रपूरच्या बसस्थानकावर हिंगणघाटची एसटी लागली होती आणि मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली होती. नोकरीसाठी पुण्याला पहिल्यांदाच निघालो होतो. आई उशिरा आली, जवळजवळ धावत, कोपरापर्यंत मातीनं भरलेले हात घेऊन. मागच्या आवारात ती कुठल्याशा वेलाचं आळं करत बसली होती. तिनं गजांतून हात आत घातला, पण माझ्या शर्टाला माती लागेल म्हणून तो तसाच अधांतरी धरून ठेवला. "पोचला की फोन करजो," म्हणाली. "अन् उपाशी नको राहू." फाल्गुन महिना होता. गाडी हलली की मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. खिडकीजवळची जागा मिळाल्याचं समाधान मात्र मला अजून स्पष्ट आठवतं.

बाबा आधीच गेलेले. म्हणजे मी गेलो आणि त्या घरात आई एकटी उरली.

आवारातली झाडं वाढत गेली ती त्यानंतर. माझी रिकामी जागा ती झाडांनी भरते आहे असं मी बरीच वर्षं मानत आलो, आणि ते मानण्यातही माझा थोडा अहंकारच होता. तिला झाडं आवडायची, एवढंच. त्यातही फाल्गुन-चैत्रात फुलणारी. बाकी सगळं करपायला लागतं तेव्हा जे फुलतं, त्याच्याबद्दल तिला आदर होता. कुणाच्या लग्नाला अल्लीपूरला गेली की येताना ओल्या फडक्यात बांधलेली एक फांदी पिशवीत असायची. मोगरा, कुंद, निळ्या-जांभळ्या घोसांचा पेट्रिया, पत्र्यावर नारिंगी जाळ पसरावा तशी संक्रांतवेल. प्रत्येक झाडाला ते जिथून आलं त्या गावाचं नाव. "तळेगाववाली यंदा रुसली," असं ती फोनवर सांगायची. माझी बायको मीनल लग्नानंतर पहिल्यांदा हे ऐकून काळजीत पडली होती की तळेगावच्या कुठल्या आत्याबाईंचं काय बिनसलं.

पुण्यात आमच्या सोसायटीतही बाग आहे. तिथं झाडं टेम्पोतून फुललेलीच येतात आणि फुलं सरली की बदलली जातात. लँडस्केपिंगवाला मुलगा प्रत्येक झाडाला 'मटेरियल' म्हणतो. माझ्या गॅलरीत ग्रिलला टांगलेल्या चार कुंड्या आहेत. त्यातली एक रिकामी आहे, आणि ती रिकामी आहे हे मला हे लिहिताना आठवलं.

जे माझ्यासारखे गेले त्यांना आणि जे मागे राहिले त्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे. ती मीनललाही मी अलीकडेच सांगितली. दरवर्षी सुट्टी संपवून निघताना मी आईला म्हणायचो, "आता चल माझ्यासोबत." ती म्हणायची, "नाई रे बाप्पा, मले नाई करमत तिथं." मग मी थोडा वाद घालायचो, उदास चेहऱ्यानं गाडीत बसायचो आणि हायवेवरच्या जाम गावापर्यंत पोचेस्तोवर माझी छाती हलकी झालेली असायची. विचारल्याचं पुण्य पदरात, आणि दोन खोल्यांच्या घरात कुणाची अडचण नाही. आई नाही म्हणणार हे धरूनच मी विचारत होतो.

यंदा जानेवारीत ती पाण्याच्या टाक्याजवळ घसरून पडली. मनगट मोडलं. शेजारच्या शोभाकाकूंनी तिला दवाखान्यात नेलं आणि मग मला फोन केला. मी लगेच गेलो, आणि या वेळी खरोखर विचारलं. प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून ती बाहेर आवाराकडे बघत होती. "फुलं होऊ दे," म्हणाली. "मंग येतो."

मी फाल्गुनात तिला न्यायला गेलो. इतक्या वर्षांत या दिवसांत मी घरी कधीच नव्हतो. दिवाळीत यायचो, नाहीतर मुलीच्या शाळेच्या सुट्टीत, मे महिन्यात. त्यामुळे फाटकावरची, मी गेल्यानंतर लावलेली माधवीची वेल मला माहीत होती ती राकट, जाडजूड खोडाची, धूळ बसलेल्या पानांची. वर्षभर ती नुसती उभी असते. त्या सकाळी मी बाहेर आलो तेव्हा कुणीतरी रात्रभर पंखा चालू ठेवलाय असं वाटलं. तो आवाज मधमाश्यांचा होता. अख्खा मांडव पांढरा झाला होता. झालर लावल्यासारख्या कातरलेल्या पाकळ्या, आणि पाचातल्या एकाच पाकळीला हळदीचं बोट पुसल्यासारखा पिवळा डाग. प्रत्येक फुलाला. हजारो फुलांत एकही चुकलेलं नाही. रस्त्यापलीकडच्या शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, दहा वाजताच ऊन डोळ्यांत खुपत होतं. या कोरड्या जमिनीतून ही एवढा गंध कुठून ओढून आणते? मी चहाचा कप हातात घेऊन उभा राहिलो आणि चहा निवून गेला. हे दरवर्षी इथं होत होतं. मी नसताना.

आई मागे येऊन उभी राहिली. "पाह्यलं?" एवढंच म्हणाली, आणि लगेच खाली वाकून झाडायला लागली.

ती पुण्याला जाणार ही बातमी एव्हाना गावभर झाली होती. आई दर पावसाळ्यात वेलांच्या खालच्या फांद्या वाकवून मातीत दाबायची, वर दगड ठेवायची. मुळं फुटली की त्या फांद्या वेगळ्या करून कुणाकुणाला द्यायची. हे काम खरं तर पुढच्या पावसात व्हायचं, पण तोवर ती असणार नव्हती. म्हणून बाया ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर फांद्या न्यायला यायला लागल्या.

"काऊन बाप्पा, आईले घेऊन चालले म्हणते?" शोभाकाकूंनी फाटकातूनच मला धरलं. "मंग आम्ही भांडाचं कोनासंग? तुझी बायको येते काय भांडाले?"

"तिला मराठीत भांडता येतं, काकू, वऱ्हाडीत नाही."

"मंग काय कामाची!"

काकूंनी पेट्रियाची फांदी नेली आणि तेलाच्या डब्यात लावलेला मोगरा ठेवून गेल्या. मला वाटलं, जुन्या शेजारणीची आठवण. मग अल्लीपूरच्या एक बाई संक्रांतवेल घेऊन गेल्या आणि प्लास्टिकच्या फुटक्या बादलीत जुई ठेवून गेल्या. मग आली सुमनबाई. ती गोंडांच्या वस्तीतली, आईची जुनी मैत्रीण. मोहफुलांच्या दिवसांत जंगलात जाते, घरात सुनेशी गोंडीत बोलते आणि आईशी वऱ्हाडीत भांडते. तिनं डोक्यावरची टोपली उतरवली. तिच्यात पळसाच्या पानांत मुळं गुंडाळलेलं धायटीचं झुडूप होतं, काडी-काडीला लाल बारीक नळ्यांसारखी फुलं लागलेली.

"जंगलातून आणलं तुझ्यासाठी. पुण्याले लावजो."

मी म्हणालो, "मावशी, हे कशाला? तुम्ही तर न्यायला आलात ना?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवणाच्या ताटाला पाय लावलाय. "रिकाम्या हातानं झाड न्यावं काय कोणी?"

तेव्हा मला कळलं. लहानपणापासून आईला ओली फडकी घेऊन परत येताना पाहिलं होतं. जाताना तिच्या पिशवीत काय असायचं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे अल्लीपूरला, तळेगावला, सुमनबाईच्या वस्तीत, कितीतरी फाटकांवर आमची माधवी या क्षणी फुललेली होती. त्या घरांतल्या बाया तिला 'समुद्रपूरवाली' म्हणत असणार. मी ज्याला आईचा एकटेपणा समजत होतो, त्याच्या फांद्या तीन तालुक्यांत पसरल्या होत्या.

निघायच्या दिवशी मी गाडी दाराशी लावली. ओटा झाडांनी भरला होता. डब्यात, बादलीत, पोत्यात, एक तर जुन्या कुकरमध्ये. मी मागची सीट पाडली, डिकी उघडली, डबे आडवे-उभे करून पाहिले. निम्मीही मावेनात.

"यातली चांगली चांगली निवड," मी म्हणालो. "बाकीची काकूंकडे ठेवू."

आई ओट्यावर बसून होती, नवी साडी नेसून. "कोनाचं निवडू?" तिनं विचारलं. "एकीचं नेलं अन् एकीचं ठेवलं, तर तिले काय वाटन?"

"बरं, मग सगळीच इथं ठेवू."

"अन् चैत-वैशाखात पानी कोन घालंन यांले? शोभीचा नळ तर दोन दिवसाआड येते."

ती मला अडचणीत आणत नव्हती, खरंच विचारत होती. बाया तिला निरोप द्यायला आल्या होत्या, आणि त्यांच्या निरोपानंच तिचं जाणं अशक्य करून टाकलं होतं. ती उठली, आत गेली आणि रोजची साडी नेसून बाहेर आली. "पावसात जमिनीत लावू," म्हणाली. "मंग पाहू. तू जाय."

मी ओट्यावर बसलो. दरवर्षी या वेळी होते तशी छाती हलकी होईल म्हणून वाट पाहत राहिलो. झाली नाही. तिचा तो बारीक झालेला, नुकता प्लॅस्टरमधून निघालेला हात दिसत होता, आणि टाक्याजवळची ती ओली फरशी.

मीनलला फोन केला. "झाडं गाडीत मावत नाहीयेत," मी म्हणालो. ती खूप वेळ हसली. मग म्हणाली, "तू लॅपटॉप नेलायस ना?"

तेव्हापासून मी इथंच आहे. मीटिंगा ओट्यावरून करतो, कारण नेटवर्क तिथंच मिळतं. ऑफिसातल्यांना मागे मधमाश्या ऐकू येतात आणि ते माझा माइक बिघडलाय असं म्हणतात. पावसानंतर काय, ते मला माहीत नाही. आई येईल, की मीच येत-जात राहीन, ठरलेलं नाही. सुमनबाईच्या धायटीनं सगळी पानं टाकली, मी तिच्यावर पोतं बांधून सावली केली, आणि परवा खोडाशी तांबूस कोंब दिसला. दाण्याएवढा. मी तो आईला दाखवायला धावत आत गेलो, या वयात.

सुरुवातीला ती रोज सकाळी चहा देताना विचारायची, "तू कवा जातं?" पाहुण्याला विचारावं तसं, आदरानं. मी वर्षानुवर्षं या घरात पाहुणाच होतो. माझ्यासाठी चांगला कप निघायचा, गादी टाकली जायची, आणि मला कशाला हात लावू दिला जात नसे. त्यालाच मी माहेरपण, माया, घर असं काय काय म्हणत आलो.

आज तिनं विचारलं नाही. चहाही दिला नाही. मी दात घासत होतो तेव्हा तिनं पाण्याचा पाइप आणून माझ्या दुसऱ्या हातात दिला. "बुडाशी घालजो," म्हणाली, "पानावर नको. अन् कुकरातल्याले ईसरू नको."