आबांची सावड

ओंकार, रेवा, आबा गेल्याचं तुम्हाला फोनवर कळलं. तुम्ही विचारलंत, "त्रास झाला का?" नाही झाला. सकाळी चहा घेऊन ते कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. मी कप घ्यायला गेले, तेव्हा मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती. कॉम्प्युटरचा पंखा नेहमीसारखा घरघरत होता... बातमी मला अशी कळली. पुढचं तुम्ही विचारलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमचे बाबा परदेशातून येईपर्यंत देह ठेवायला वाशीमहून काचेची थंड पेटी आणली. मालेगावात लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि इन्व्हर्टरवर घरात एकच प्लग. तो कॉम्प्युटरचा. काम मध्येच तुटू नये म्हणून आबांनीच तो तसा करून घेतला होता. शेजारचा वामन म्हणाला, "काकू, हे कायले चालू ठेवलं आता? पेटीले पिन पायजे." आणि त्यानं वायर उपटली. त्याचं काही चुकलं नाही. पण वर्षानुवर्षं रोज चाललेलं काम थांबवलं ते कोणासाठी, तर ज्यांना वेळेवर येता आलं नाही त्यांच्यासाठी. हे मला तेव्हाही लागलं, आजही लागतं.

ते काम काय होतं, हे ओंकार, तुला आठवायला हवं. शाळेच्या सुट्टीत आला होतास तेव्हा तूच तो प्रोग्राम घालून दिलास. आपला कॉम्प्युटर रिकामा असतो तेव्हा दूरच्या शास्त्रज्ञांची गणितं तो थोडी थोडी सोडवतो, उत्तरं परत पाठवतो, असं तू समजावलंस. गुण मिळतात म्हणून तुला मजा वाटत होती. आबांनी गुणांकडे कधी पाहिलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "कोन्या बिमारीचं काम हाय हे?" तू म्हणालास, रक्ताच्या कॅन्सरचं. ते उठून बाहेर गेले. तुला वाटलं, कंटाळले.

सुमाआत्या तुम्ही फक्त फोटोत पाहिली आहे. ती कॉलेजात असताना रक्ताच्या कॅन्सरनं गेली. शेवटी डॉक्टर म्हणाले होते, यावर संशोधन चालू आहे. लोक अशा वेळी काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात. मी ते तसंच ऐकलं आणि विसरूनही गेले. आबांनी मात्र ते वाक्य जपून ठेवलं. कॉम्प्युटर कामाला लागला त्या दिवशी मला म्हणाले, "चालू हाय म्हने, तर कोनीतरी चालवतच असन ना? मंग एक बैल आपला."

आबा शेवटपर्यंत शेतकरीच राहिले. त्यांना सावड कळत होती. आज माझे बैल तुझ्या वावरात, उद्या तुझे माझ्या. त्यांचे वडील वारले तेव्हा घरात सुतक होतं, तरी शब्द दिला होता म्हणून बैल शेजाऱ्याच्या पेरणीला गेले. मालक मेला म्हणून बैल गोठ्यात बांधून ठेवायचे नसतात, असं ते सांगत. वामन त्यांची थट्टा करायचा. "काकाजी, तुमचा बैल तं रोज जाते बाप्पा! त्याहीचा तुमच्या वावरात कवा येईन?" आबा हसायचे. "आपली पेरनी होऊन गेली, वामन. दुसऱ्याची तं होऊ दे."

माझा त्यावर विश्वास नव्हता. मी शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. पडद्यावरचं इंग्रजी रोज सकाळी त्यांना वाचून दाखवणं एवढंच माझं काम. "एक काम पूर्ण झालं, दुसरं आलं." ते मान हलवायचे आणि मग चहा घ्यायचे. त्यानं कोणाचा आजार बरा झाल्याचं आम्हाला कोणी कळवलं नाही. कळवणारही नाही. माझी मुलगी तर परत येणारच नव्हती.

मागच्या वर्षी, ओंकार, तू व्हिडिओवर म्हणालास, "आबा, एवढ्या जुन्या मशीननं काय होणार आहे? आता त्यांच्याकडे केवढाली यंत्रं आहेत. उगाच वीज जाते." तुझं खरं असेल. आबा म्हणाले, "बरं बाबू." फोन ठेवल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "सावडीत म्हातारा बैल आनला म्हून कोनी त्याले परत धाडत नाही वं." कॉम्प्युटर बंद केला नाही. पण त्यानंतर तुमच्याशी बोलताना त्यांनी त्याचं नावही काढलं नाही, हे तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं?

तेरावं झालं. निघताना तुमचे बाबा म्हणाले, "आई, हे भंगारात देऊन टाक. खोली मोकळी होईल." खोली मोकळीच आहे रे, म्हणावंसं वाटलं. टॅक्सी वळल्यावर मी वायर पुसली आणि प्लग पुन्हा लावला. पडदा उजळायला वेळ लागला. सवयीनं मोठ्यानं वाचलं: हाती घेतलेल्या कामाची मुदत संपली, ते दुसऱ्या कॉम्प्युटरला दिलं आहे. कोणाच्या, कुठल्या देशातल्या, ते लिहिलेलं नव्हतं. खाली सहभागी म्हणून, ओंकार, आबांनी तुझ्याकडून टाकून घेतलेलं नाव होतं. सुमा, मालेगाव. थोड्या वेळानं नवीन काम आलं.

विश्वास मला अजूनही नाही. पण दिलेला शब्द त्यांचा होता, आणि सुतक संपलं आहे.

परवा तुमचा फोन आला तेव्हा मी त्याच खोलीत बसले होते. रेवा, तू म्हणालीस, "आजी, मागे कसली घरघर येते? नीट ऐकू येत नाही. बंद कर ना ते."

मी म्हटलं, "जरा मोठ्यानं बोल."